वाशिम ते हेलसिंकी : डिझाईन शिकायला एक सेमिस्टर परदेशात जायचं तर नेमकं काय करावं लागतं?

शाळेतली इंटरमिजिएटची परीक्षा आठवते का? स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन. ए ग्रेड आली की दहावीच्या निकालात सात गुण वाढून मिळतात आणि विषय तिथंच संपतो.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा. कुठल्याही तालुक्यात जा, अशी ए ग्रेडवाली चार-दोन पोरं प्रत्येक शाळेत सापडतात. पुढं त्यातलं कुणी फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ चालवतं, कुणी एटीडी करून कलाशिक्षकाच्या जागा निघायची वाट बघतं, बाकीची पोरं नीट नाहीतर बीएस्सी ॲग्रीच्या रांगेत लागतात.

आणि मग एके दिवशी इन्स्टाग्रामवर रील दिसते. बर्फ पडतोय, मागं ट्राम जातेय आणि कुणीतरी सांगतंय, "मी फी न भरता युरोपात डिझाईन शिकतेय."

हे खरं आहे का? तर निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं रीलमध्ये मावत नाही, आणि वाशिमसारख्या जिल्ह्यातल्या घरासाठी तेच जास्त महत्त्वाचं असतं.

एक्स्चेंज म्हणजे नक्की काय?

समजा तुम्ही भारतातल्या एका डिझाईन कॉलेजात शिकताय. त्या कॉलेजचा परदेशातल्या एखाद्या कॉलेजशी करार असतो. करारानुसार इकडचे एक-दोन विद्यार्थी एका सेमिस्टरसाठी तिकडं जातात, तिकडचे तितकेच इकडं येतात. अदलाबदल आहे म्हणून तिकडची फी लागत नाही. फी आपल्याच कॉलेजची भरायची, शिकायचं तिकडं, आणि तिकडं मिळवलेले क्रेडिट इकडच्या गुणपत्रिकेत जमा व्हायचे. पदवी इकडचीच राहते.

युरोपात या प्रकाराला मोठं बळ मिळालं ते १९८७ साली सुरू झालेल्या इरॅस्मस योजनेमुळं. तिकडं एका सेमिस्टरला ३० क्रेडिट हे सगळीकडं मान्य असलेलं माप आहे. त्यामुळं फिनलंडमध्ये शिकलेलं फ्रान्समध्ये धरलं जातं. आपल्याकडं मात्र कुठला विषय कशाच्या बदल्यात धरायचा, हे प्रत्येक कॉलेज आपलं आपण ठरवतं.

आता इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. एक्स्चेंजला अर्ज माणूस करत नाही, कॉलेज करतं. तुमचं कॉलेज तुमचं नाव पाठवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. ते नाव आल्याशिवाय परदेशातलं कॉलेज तुमच्याकडं बघतही नाही. म्हणजे वाशिममधून थेट हेलसिंकीला जाणारी वाट नाही. ती आधी पवईला जाते, अहमदाबादला जाते, पुण्याला जाते आणि मग पुढं निघते.

याचा सरळ अर्थ असा की परदेशात जायचं की नाही याचा निम्मा निकाल बारावीतच लागतो. आपण कुठल्या कॉलेजात प्रवेश घेतोय आणि त्या कॉलेजचे करार कुणाशी आहेत, यावर. आणि बारावीतल्या पोराला नेमकं हेच कुणी सांगत नाही.

मग बारावीत काय करायचं?

वाशिममध्ये डिझाईनची पदवी देणारं मोठं सरकारी कॉलेज नाही. कलेचं सरकारी महाविद्यालय म्हटलं की नागपूर नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. डिझाईनसाठी देशपातळीवरच्या दोन परीक्षा मुख्य आहेत.

पहिली यूसीड. ही आयआयटी मुंबई घेते. जानेवारीत होते, अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या आसपास निघतात. विज्ञान, वाणिज्य, कला, कुठल्याही शाखेचं पोरगं देऊ शकतं, पण लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून दोनच संधी. पेपर इंग्रजीत असतो. त्यात एक भाग संगणकावर आणि एक भाग हातानं चित्र काढायचा. आयआयटी मुंबईत या परीक्षेतून बी.डेसच्या ३७ जागा भरतात. गुवाहाटी, हैदराबाद, दिल्ली, जबलपूर इथंही हेच गुण चालतात.

दुसरी एनआयडीची डॅट. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था १९६१ ची. तिच्यासारख्याच संस्था आता भोपाळ, कुरुक्षेत्र, जोरहाट आणि आंध्र प्रदेशातही आहेत. यात पूर्वपरीक्षा आणि मग मुख्य परीक्षा असते. मुख्य परीक्षेत हातानं वस्तू बनवून दाखवायची असते. तार, पुठ्ठा, माती, जे देतील त्यातून. बैलपोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या पोरांना हे अवघड वाटायचं कारण नाही.

इथं एक कागद अनेकांना नडतो. बंजारा आणि इतर भटक्या-विमुक्त समाजाची पोरं राज्याच्या प्रवेशात व्हीजेएनटी प्रवर्गातून जातात. पण आयआयटी आणि एनआयडी या केंद्राच्या संस्था आहेत. तिथं व्हीजेएनटी नावाचा प्रवर्गच नाही. महाराष्ट्रातला बंजारा समाज केंद्राच्या यादीत ओबीसीत येतो. त्यामुळं केंद्राच्या नमुन्यातलं, त्याच आर्थिक वर्षातलं ओबीसी नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागतं. पोहरादेवी ज्या जिल्ह्यात आहे, तिथं ही माहिती किती घरांना उपयोगी पडेल ते वेगळं सांगायला नको. मानोऱ्याच्या तहसीलला हा नमुना ऑक्टोबरमध्येच मागून ठेवलेला बरा, निकालानंतर पळापळ होते.

खाजगी कॉलेजांचं गणित निराळं. माहितीपुस्तिकेत जगाचा नकाशा असतो आणि त्यावर चाळीस झेंडे लावलेले असतात. प्रवेश घेण्याआधी तिथं तीन प्रश्न विचारावेत. मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती पोरं गेली? तिकडची फी माफ होती की वेगळी भरली? परत आल्यावर सेमिस्टर धरलं गेलं की पुन्हा करावं लागलं?

कारण एक्स्चेंजच्या नावाखाली बऱ्याच गोष्टी विकल्या जातात. दोन आठवड्यांची सहल असते, तिला समर स्कूल म्हणतात. दोन वर्षं इकडं आणि दोन वर्षं तिकडं असाही कोर्स असतो, त्यात तिकडची पूर्ण फी भरावी लागते. या गोष्टी वाईटच असतात असं नाही, पण ते एक्स्चेंज नाही. आणि कुणी एजंट 'एक्स्चेंजची सीट काढून देतो' म्हणून पैसे मागत असेल, तर तिथून उठून यावं. अशी सीट विकत मिळत नसते.

फी नाही, मग खर्च कसला?

आता पैशाचं बोलू, कारण घोडं इथंच अडतं.

जर्मनीला जायचं तर व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात. महिन्याला ९९२ युरो हा तिथला ठरलेला आकडा. ते पैसे एका बंद खात्यात आधीच भरायचे आणि तिथं गेल्यावर दर महिन्याला तेवढेच काढायचे. सहा महिन्यांचे झाले ५,९५२ युरो. एक युरो ढोबळमानानं १०० रुपये धरला तर जवळजवळ सहा लाख. फिनलंड महिन्याला ८०० युरो दाखवायला सांगतं. विमान, विमा आणि व्हिसाचे आणखी लाख-सव्वा लाख बाजूला ठेवा.

सहा लाख म्हणजे किती, हे वाशिमच्या भाषेत सांगायचं तर सोयाबीनमध्ये मोजावं लागेल. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे सहा लाखांना ११२ क्विंटलच्या वर सोयाबीन झालं. एकरी सहा-सात क्विंटल उतारा धरला तर सोळा ते एकोणीस एकरांचं अख्खं पीक. त्यात बियाणं, खत, फवारणी, मजुरी काहीच वजा केलेलं नाही, आणि बाजार समितीत हमीभाव मिळतोच असंही नाही.

तरीही हा सौदा स्वस्तात पडतो. लंडन-न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या डिझाईन कॉलेजात परदेशी विद्यार्थ्याची एका वर्षाची फीच ३० लाखांच्या पुढं सहज जाते, राहणं-खाणं वेगळं. त्यासमोर सहा-सात लाखांत तसंच शिक्षण सहा महिने का होईना मिळतं. म्हणून ज्या घराला परदेशातली पूर्ण पदवी कधीच झेपणार नाही, त्या घरासाठी एक्स्चेंज हीच खरी संधी आहे.

मग सरकारी शिष्यवृत्ती नाही का? आहे, पण ती इथं लागू होत नाही.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. ती पदव्युत्तर आणि पीएचडीच्या पूर्ण अभ्यासक्रमाला मिळते. ओबीसी आणि व्हीजेएनटी विद्यार्थ्यांसाठीच्या राज्याच्या योजनेचंही तसंच. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी. तीही मास्टर्स आणि पीएचडीलाच. शिवाय २०२२ च्या नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती. म्हणजे तांड्यावरच्या मुलीला आपल्याच आजीच्या भरतकामाचा अभ्यास परदेशात करायचा असेल, तर तिच्यासाठीच असलेल्या योजनेत तो विषय अडचणीचा ठरू शकतो.

थोडक्यात, पूर्ण पदवीला मदत करणाऱ्या योजना आहेत. बी.डेस करताना एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्या पोराला त्यातली एकही धड बसत नाही. सगळ्यात कमी पैशात होणारी गोष्टच मदतीच्या बाहेर राहते. हे धोरणातलं भोक आहे, आणि ते बुजवायला फार मोठी तिजोरी लागणार नाही.

तोवर काय करायचं? काही वाटा आहेत.

इरॅस्मस प्लसमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पैसे असतात. महिन्याला साधारण ८०० ते ९०० युरो आणि प्रवासखर्च. पण त्यासाठी दोन्ही कॉलेजांमध्ये त्या योजनेखाली करार असावा लागतो, आणि तो सगळ्यांचा नसतो. कुठल्या देशात जायचं हे ठरवण्याआधी कुठल्या करारावर पैसे आहेत ते बघावं. पॅरिसचं नाव मोठं असेल, पण एखाद्या छोट्या शहरातल्या कॉलेजबरोबर शिष्यवृत्तीसह करार असेल तर तेच बरं. जपानमध्ये जासो ही सरकारी संस्था करारातून आलेल्या काही विद्यार्थ्यांना महिन्याला ८०,००० येन देते. काही कॉलेजं स्वतःच्या निधीतून विमानाचं तिकीट देतात. हे न विचारता कळत नाही.

आणि शैक्षणिक कर्ज. बी.डेसला प्रवेश घेतानाच कर्ज काढणार असाल तर बँकेला सुरुवातीलाच विचारा की एक्स्चेंज सेमिस्टरचा खर्च त्यात धरता येईल का. कर्जाच्या नेहमीच्या नमुन्यात अभ्यासदौरा, प्रकल्प अशा खर्चाला ठरावीक मर्यादेत जागा असते. तिसऱ्या वर्षी नव्यानं कर्ज मागायला गेलं की मॅनेजर जमिनीचा सातबारा मागतो.

अनोळखी देश नेमका कुठं सुरू होतो?

परदेशाची भीती म्हणजे भाषा, थंडी, जेवण असं आपण धरून चालतो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या पोरासाठी पहिला अनोळखी देश बहुतेक वेळा पवई किंवा अहमदाबादच असतो. वर्गातली निम्मी पोरं महानगरांतली, एकमेकांशी इंग्रजीतच बोलणारी. त्यांच्या घरी डिझाईनची पुस्तकं असतात, कुणाचा मामा आर्किटेक्ट असतो. इकडं आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ साली महाराष्ट्रातून जे चार जिल्हे गेले, त्यातल्या एकातून आलेलं पोरगं शेवटच्या बाकावर बसलेलं असतं.

पहिलं वर्ष-दीड वर्ष या धक्क्यातच जातं. नेमकं त्याच काळात एक्स्चेंजसाठी लागणारे ग्रेड ठरत असतात. तिसऱ्या वर्षी जायचं तर दुसऱ्या वर्षातच अर्ज, पोर्टफोलिओ आणि मुलाखत होते. म्हणून छोट्या गावांतली पोरं मागं पडतात ती बऱ्याचदा कुवतीमुळं नाही, वेळापत्रकामुळं. ती सावरतात तोवर यादी लागलेली असते.

ज्याला हे आधीपासून माहीत असतं तो पहिल्याच सेमिस्टरला आंतरराष्ट्रीय विभागाचं ऑफिस कुठल्या मजल्यावर आहे ते शोधून ठेवतो.

तिकडं गेल्यावर काय वेगळं असतं?

सगळ्यात मोठा फरक म्हणजे क्रिट. आपलं काम भिंतीवर लावायचं, सगळ्यांनी समोर उभं राहायचं आणि त्यावर बोलायचं. ते आपल्याकडच्या चांगल्या डिझाईन कॉलेजांतही असतं. पण फिनलंड-स्वीडनसारख्या देशांत विद्यार्थी प्राध्यापकाला नावानं हाक मारतात आणि तोंडावर सांगतात की तुमचं म्हणणं पटत नाही. 'सर' म्हणून मान खाली घालायची सवय असलेल्या पोराला याची सवय व्हायला वेळ लागतो. आपण आदरानं गप्प बसतो, आणि समोरच्याला वाटतं की याला काही म्हणायचंच नाही.

दुसरी गोष्ट वर्कशॉपची. आपल्याकडं लाकडाचं मॉडेल करायचं तर शेजारी सुतार असतो, कॉलेजात मदतनीस असतात. चित्र दाखवलं की वस्तू होऊन येते. युरोपात मजुरी इतकी महाग की सगळं स्वतःच्या हातानं करायचं. आधी यंत्राच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायचं, मग करवतीला हात लावायचा. कंटाळवाणं वाटतं, पण लाकूड कुठं तुटतं हे तिथंच कळतं. उलट बाजूनं तिकडच्या पोरांना आपल्याकडच्या एका गोष्टीचा हेवा वाटतो. गल्लीच्या टोकाला लोहार, कुंभार, शिंपी असणं ही चैन त्यांच्याकडं राहिलेली नाही.

बाकी थंडीचं म्हणाल तर कपड्यांनी भागतं. अंधाराचं तसं नाही. वाशिमला भर हिवाळ्यातही दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. हेलसिंकीत डिसेंबरात तो सहा तासांवर येतो. दुपारी साडेतीनला रात्र. पहिल्यांदा गेलेली पोरं याला हसतात आणि नोव्हेंबरच्या अखेरीस खोलीतून बाहेर पडायची बंद होतात. तिथली कॉलेजं याबद्दल आधीच सांगतात आणि समुपदेशकही ठेवतात. त्यांच्याकडं जायला लाजायचं काही कारण नाही.

जेवणाचं बघायचं तर फिनलंडमध्ये विद्यार्थ्यांच्या खानावळीत सरकारी अनुदानामुळं तीन युरोंच्या आसपास पोटभर जेवण मिळतं, त्यात शाकाहारी पदार्थही असतात. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, त्यामुळं शनिवारीच बाजार करावा लागतो. वाशिमच्या रविवारच्या गर्दीची सवय असलेल्याला पहिला रविवार फार लांबलचक वाटतो. भाकरीचं पीठ मिळत नाही. ठेचा मात्र चिकाटीनं करता येतो.

एक तांत्रिक भानगड मात्र आधी सोडवून जावं. जर्मनीत हिवाळी सत्राचे तास ऑक्टोबरला सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात. आपलं सेमिस्टर जुलै-ऑगस्टला सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरला संपतं. म्हणजे परत येईपर्यंत इकडचं पुढचं सेमिस्टर महिनाभर पुढं गेलेलं असतं. फिनलंडचं सत्र सप्टेंबर ते डिसेंबर, ते आपल्याशी जुळतं. आणि तिकडं जे विषय घेणार आहोत ते इकडं कशाच्या बदल्यात धरले जातील, याचं सहीशिक्क्याचं पत्र निघण्याआधी हातात हवं. तोंडी 'होऊन जाईल' यावर विश्वास ठेवला की एक वर्ष वाया जाऊ शकतं, आणि ज्याचं कर्ज चालू आहे त्याला एक वर्ष फार महाग पडतं.

न्यायचं काय आणि आणायचं काय?

परदेशात डिझाईन शिकून आलेल्या मराठी माणसाचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे सुधाकर नाडकर्णी. मुंबईच्या जे. जे. मधून बाहेर पडून १९६० च्या दशकात ते जर्मनीतल्या उल्म इथं गेले. ते एक्स्चेंजला गेले नव्हते, पूर्ण शिक्षणच तिथं घेतलं. उल्मचं डिझाईन कॉलेज १९५३ मध्ये सुरू झालं आणि १९६८ मध्ये बंदही पडलं, पण तेवढ्या काळात त्यानं जगाला एक गोष्ट शिकवली. वस्तू सुंदर दिसण्याआधी ती कोण वापरणार, कशी बनणार आणि कुठल्या व्यवस्थेत बसणार याचा हिशेब मांडायचा.

नाडकर्णी परत आले आणि आयआयटी मुंबईत १९६९ साली सुरू झालेलं औद्योगिक डिझाईन केंद्र, म्हणजे आजचं आयडीसी, त्यांनी उभं केलं. पुढं आयआयटी गुवाहाटीच्या डिझाईन विभागाची उभारणीही त्यांच्याच हातून झाली. आज यूसीड देऊन ज्या दोन ठिकाणी पोरं जायला बघतात, ती दोन्ही एका माणसाच्या जर्मनीवारीशी जोडलेली आहेत.

उलटा प्रवासही झालाय. १९५८ साली अमेरिकेचे डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स भारतात फिरले आणि सरकारला अहवाल दिला. त्यातूनच पुढं एनआयडी झाली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? तर पाण्याच्या लोट्याचं. आपल्या न्हाणीघरात पडलेली वस्तू त्यांना जगातल्या उत्तम डिझाईनपैकी एक वाटली.

पोर्टफोलिओ करताना नेमकं हेच विसरलं जातं. पोरं बिहॅन्सवर बघून कॉफीचं ॲप करतात, इलेक्ट्रिक स्कूटर काढतात. तशी हजारो कामं त्या परदेशी प्राध्यापकानं पाहिलेली असतात. वाशिममधून आलेल्या पोराकडं बघण्यासारखं वेगळंच काही असतं.

फवारणीचंच घ्या. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा सगळे म्हणत होते, यांनी हातमोजे, मास्क, गॉगल का घातले नाहीत? ज्यानं ऑक्टोबरच्या उन्हात छातीएवढ्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन चालून बघितलंय त्याला उत्तर माहीत आहे. ते प्लास्टिकचे कपडे त्या उकाड्यात अंगावर राहतच नाहीत. गॉगलवर वाफ धरते, समोरचं दिसत नाही. ते थंड देशातल्या, ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये बसणाऱ्या माणसासाठी ठीक आहेत. हा सरळ सरळ डिझाईनचा प्रश्न आहे. त्यावर वाशिमच्या पोरानं चार शेतकऱ्यांशी बोलून, पंपाचं वजन करून, पट्टा खांद्याला कुठं रुततो ते मोजून वीस पानं केली, तर तो पोर्टफोलिओ सहसा बाजूला पडत नाही.

किंवा तांड्यावरचं भरतकाम. आरसे, कवड्या, नाणी लावलेल्या कांचळी आणि फेटिया. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्याचा अभ्यास करून आपल्याकडचा टाका कुठं वेगळा पडतो ते दाखवता येतं. फक्त एक पथ्य पाळावं. जिचा टाका घेतला तिला विचारून घ्यावा, तिच्या कामाचे पैसे द्यावेत आणि पोर्टफोलिओत तिचं नाव लिहावं. परदेशात गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की हे काम नेमकं कुणाचं.

आणि इतिहासच सांगायचा असेल तर वाशिमला कमीपणा घ्यायची गरज नाही. हे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं सोळावं लेणं पाचव्या शतकात कोरून घेतलं ते याच शाखेच्या हरिषेण राजाच्या प्रधानानं, वराहदेवानं. त्या लेण्याच्या भिंती बघायला आज जगभरातले डिझाईनचे विद्यार्थी येतात. वाशिमच्या किती शाळांची सहल तिथं जाते हा प्रश्न वेगळा.

तयारी कुठून सुरू करायची?

अकरावीपासून वहीत रोज एक वस्तू काढायची. जिवंत, समोर ठेवून. कंदील, पायताण, डवऱ्याचा जोड, एसटीचं सीट. इंग्रजी वाचायची सवय लावायची, बोलणं नंतर येतं. यूसीडच्या जुन्या प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळावर फुकट मिळतात. हजारोंचा क्लास लावण्याआधी त्या सोडवून बघाव्यात.

आणि बारावीच्या सुट्टीत पासपोर्टचं काम काढावं. वाशिम जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. इथं एक बारीक गोष्ट बघून घ्यायची. आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असतं. आधारवर बऱ्याचदा उलटं. कुठं 'भाऊ' जोडलेलं, कुठं 'राव' गाळलेलं, कुठं इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यात जातं. जे तिथं छापलं जाईल तेच पुढं परदेशी कॉलेजच्या पत्रावर, व्हिसावर, बँकेच्या खात्यावर आणि विमानाच्या तिकिटावर येणार. दुरुस्ती करायचीच असेल तर ती आधी आधारला करून घ्यावी, मग पासपोर्टचा अर्ज भरावा.